मालकाची सही

माझ्या पुतण्यानं २०२० सालच्या लॉकडाऊनमध्ये पुण्यात कुत्रं विकत घेतलं. अठरा हजाराला. ही बातमी घरात आली तेव्हा आमच्या मंडळींनी आधी कपाळाला हात लावला आणि मग विचारलं, "दूध किती देतंय?"

आमच्या माण तालुक्यात कुत्रं कुणी विकत घेत नाही. ते येतं. एखाद्या सकाळी उंबऱ्याशी येऊन बसतं, चतकोर टाकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी परक्या माणसावर भुंकायला लागलं की समजायचं, हे आता आपलं झालं. धनगराची कुत्री तेवढी वेगळी. ती मेंढरांमागं चालतात, रात्री लांडग्याला तोंड देतात, खाल्लेल्या भाकरीचं मोल चुकतं करतात. बाकीची सगळी आळीची. त्यांना सगळ्यांनी घालायचं आणि कुणीच बांधायचं नाही.

पुतण्याचं कुत्रं लॅब्रॅडॉर जातीचं, पिवळसर रंगाचं, जाड मानेचं. नाव ब्रूनो. पुतण्या हिंजवडीला कंपनीत आहे. तेव्हा घरूनच काम चालायचं, सूनबाईही घरीच असायच्या, त्यामुळं दोन वर्षं त्या कुत्र्याचे लाड झाले. मोबाईलवर त्याच्या वाढदिवसाचे फोटो यायचे. मग २०२२ ला कंपनीनं सगळ्यांना परत ऑफिसात बोलावलं. कुत्रं दिवसभर बंद फ्लॅटमध्ये, एकटं. ते रडायचं, दार ओरबाडायचं. सोसायटीत तक्रारी झाल्या. त्या पाडव्याला पुतण्या गावाला आला तो कुत्र्याला घेऊनच. बरोबर एक गादी, स्टीलची दोन भांडी, खाद्याची दहा किलोची पिशवी आणि एक प्लास्टिकची फाईल.

"तात्या, तिथं त्याचे हाल होतात," तो म्हणाला. "इथं मोकळी जागा आहे. इथं तो खूश राहील."

फाईल मी सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून दिली. तिच्यात लसींचं कार्ड होतं, पुढच्या लसीची तारीख पेनानं लिहिलेली होती. ती तारीख मी वाचली नाही. खोटं कशाला बोलू, वाचली, पण मनावर घेतली नाही. कुत्र्याला लस टोचायला तालुक्याला जायचं म्हणजे लोकांनी हसावं असं काम. खाद्याची पिशवी महिन्यात संपली आणि ब्रूनो ज्वारीची भाकरी आणि ताकावर आला. पोरं त्याला 'बुरन्या' म्हणू लागली. आठ दिवस त्याला साखळीला बांधलं, नवव्या दिवशी मीच सोडला. म्हटलं, गावाकडं कुत्रं कुणी बांधून ठेवतं का?

तो खूश राहिला, हे मात्र खरं. माझ्यामागं रानात यायचा, पाटाच्या पाण्यात बसून राहायचा. पाहुणा आला तर भुंकायचा नाही, उलट पायात घोटाळायचा. मंडळी म्हणायच्या, "चोर आला तर ह्यो त्येला घर दावंल." कुणी विचारलं की मी सांगायचो, पुतण्याचं कुत्रं आहे. आणि पुतण्याला त्याचे मित्र विचारायचे तेव्हा तो सांगायचा, आमचं कुत्रं गावाला असतं. ही दोन वाक्यं मला त्या वेळी एकसारखीच वाटायची.

२०२४ च्या गणपतीनंतर एका रात्री डांबरीवर त्याला गाडी धडकली. कुणाची ते कळलं नाही. पहाटे दूध घालायला निघालेल्या पोरानं हाक मारली. ब्रूनो रस्त्याच्या कडेला पुढच्या दोन पायांवर उठायचा प्रयत्न करत होता आणि मागचं धड पोत्यासारखं ओढलं जात होतं. मला बघून त्यानं तोंड वर केलं. शेपूट हलली नाही. कुत्र्याचा आनंद शेपटीत असतो असं आपण म्हणतो, पण शेपूट गेलेल्या कुत्र्याचा आनंद मी त्या दिवशी बघितला. तो कानात असतो, कपाळावरच्या कातड्यात असतो.

तालुक्याचे जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चिमट्यानं मागच्या पायाचं बोट जोरात दाबलं. ब्रूनोनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मणका तुटलाय. एवढं दाबून कळत नाही म्हणजे खालचं सगळं गेलं. लघवीसुद्धा त्याची त्याला होणार नाही. पोट दाबून काढावी लागेल, दिवसातनं तीन-चार वेळा." मग चिमटा पुसत हळूच म्हणाले, "तुमची तयारी असेल तर इंजेक्शन देता येईल."

मंडळी दारात उभ्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ आहे, पंढरीची वारी चुकवत नाहीत. त्या म्हणाल्या, "न्हाई. जीव आपण दिला न्हाई, आपण घ्यायचा न्हाई. नामदेव म्हाराज कुत्र्यानं पळवलेल्या भाकरीमागं तुपाची वाटी घिऊन धावलं, आन् आपण सुई घिऊन धावायचं?"

पुतण्याला फोन लावला. तो फोनवर रडला. म्हणाला, "तात्या, काहीही करा, पण मारू नका. मी पैसे पाठवतो." पैसे त्यानं खरंच पाठवले, पाच मिनिटांत मोबाईल वाजला. त्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही. पण पोट दाबून लघवी काढायची ती गुगल पेनं निघत नाही.

ते काम आम्ही दोघांनी तेवीस दिवस केलं. पहिला आठवडा बरा गेला. ब्रूनो खात होता, तोंडानं हसत होता. दुसऱ्या आठवड्यात खुब्यावरचं कातडं झिजलं आणि जखम झाली. गोधडी घातली, दर दोन तासांनी कूस बदलली, रात्री गजर लावून उठलो. तरी एका सकाळी जखमेत किडे दिसले. मंडळींनी ते वेचून काढले, औषध भरलं. तिसऱ्या आठवड्यात लघवीला वास यायला लागला, अंगात ताप, खाणं बंद. रात्री तो कण्हायचा. मोठ्यानं नाही, कुणाला जाग येऊ नये अशा बेतानं कण्हल्यासारखा. मी अंथरुणावर पडून ऐकायचो आणि मला बावन्न वर्षांपूर्वीचं एक दुसरं कण्हणं आठवायचं.

१९७२ चा दुष्काळ. मी तेव्हा चौदा वर्षांचा. रानात हिरवं पान नव्हतं. आमची कपिली नावाची गाय चाऱ्यावाचून खंगत गेली आणि एक दिवस गोठ्यात बसली ती उठली नाही. वडिलांनी चार माणसं बोलावली, पोटाखालून पोती घातली, आढ्याला दोर बांधून तिला उभी केली. दोर सोडला की ती पुन्हा खाली. आठवडाभर ती तशी पडून होती. कावळे यायचे. जिवंत गायीच्या पाठीवरच्या जखमेत चोच मारायचे आणि तिला मान वळवून त्यांना हाकलण्याचंही त्राण नव्हतं. वडील काठी घेऊन तिच्या उशाशी बसून राहायचे, दिवसभर, कावळे हाकलत. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले असते तर मजुरी मिळाली असती. ते गेले नाहीत. मी एकदा विचारलं, "आबा, तिला मारून का टाकत न्हाई?" त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. म्हणाले, "माझ्या हातनं न्हाई."

इतकी वर्षं मी ही गोष्ट वडिलांच्या दयेची म्हणून सांगत आलो. पोरांना सांगितली, कीर्तनकारांना सांगितली. ब्रूनोजवळ रात्री बसलो तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, त्या आठवड्यात वडिलांनी कावळे हाकलले खरे, पण गायीला काय मिळालं? वडिलांचा हात स्वच्छ राहिला. तो स्वच्छ राहावा म्हणून किंमत गायीनं मोजली. वडिलांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडं सुई नव्हती, होती ती कुऱ्हाड. कुऱ्हाड आणि सुई यांत फरक आहेच. पण प्रश्न तोच राहतो.

आमच्या गावच्या वाचनालयात गांधीजींवरची पुस्तकं आहेत. त्यांतलं वासराचं प्रकरण मी तरुणपणी वाचलं होतं, ते आता शोधून पुन्हा वाचलं. १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असंच आजारी पडलं. इलाज थकले, कूस बदलली तरी त्याला वेदना व्हायच्या. आश्रमातल्या लोकांशी बोलून, शेवटी डॉक्टर बोलावून गांधीजींनी त्याला इंजेक्शन द्यायला लावलं, आणि ते लपवलं नाही, स्वतः छापून जाहीर केलं. त्यावर देशभरातून लोक तुटून पडले. अहिंसा सांगणारा माणूस गायीचं वासरू मारतो! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, रागानं किंवा स्वार्थानं जीव घेणं ही हिंसा, पण ज्या दुखण्यावर इलाजच उरला नाही त्यातून त्या जीवाला सोडवणं ही हिंसा नव्हे.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९२६ ला, अहमदाबादेत कुत्र्यांवरून असाच गदारोळ झाला होता. एका गिरणीमालकानं आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली आणि गांधीजींनी त्याची बाजू घेतली. बेवारशी कुत्र्याला चतकोर टाकून पुण्य मिळवणं ही दया नव्हे, कुत्रं पाळायचं तर नीट पाळा, असं त्यांनी लिहिलं. वासराचं मला पटलं. कुत्र्यांचं सगळं नाही पटलं. ती कुत्री धडधाकट होती की आजारी, हे वेगळं वेगळं बघायला नको होतं का? आणि आळीचं कुत्रं बेवारशी असतं हे शहरात खरं असेल, गावात अर्धंच खरं आहे. पण त्या अर्ध्या खऱ्यात मी स्वतः सापडतो, म्हणून ते मला टोचत असेल.

ते अर्धं खरं असं. आमच्या दारात आजवर पाच-सहा कुत्र्या व्याल्या असतील. एकेकीला पाच-सहा पिल्लं. नर पिल्लं कुणी ना कुणी न्यायचं. माद्या कुणाला नको असत. मग डोळे उघडायच्या आत त्या पोत्यात घालायच्या आणि गावापासून लांब, ओढ्यापलीकडं किंवा दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून यायच्या. हे काम घरातल्या तरुण माणसाचं. लग्न झालं त्या वर्षापासून ते माझं होतं. सायकलच्या हँडलला पोतं अडकवायचो. पोत्यातून आवाज यायचा म्हणून मी घंटी वाजवत जायचो. आम्ही त्याला 'सोडून येणं' म्हणत होतो. मारणं कधी म्हटलं नाही. ज्यांना डोळे नाहीत, आई नाही, त्यांना माळावर सोडल्यावर काय होतं हे न कळण्याइतका मी लहान नव्हतो.

सर्जाचंही सांगून टाकतो. खिलार बैल, बारा वर्षं त्यानं माझी शेती ओढली. बेंदराला त्याची शिंगं रंगवायचो, खांदे लोण्यानं चोळायचो, पुरणाची पोळी आधी त्याला मग घरात. २००३ ला पुन्हा दुष्काळ होता आणि तो थकला होता. सांगोल्याच्या बाजारात नेला. ज्यानं घेतला त्यानं दात बघितले नाहीत, चालवून बघितला नाही, नुसता अंगावरून हात फिरवून मांस चाचपलं. मला तेव्हाच कळलं. रुमालाखाली बोटं धरली आणि सौदा झाला. बैल विकला तरी दावं द्यायचं नाही अशी आमच्याकडं रीत आहे, ते सोडून मी घरी आणलं. ते अजून गोठ्यात खुंटीला आहे. पुढं २०१५ ला आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. लोक म्हणाले, पाप थांबलं. थांबलं का, मला सांगता येत नाही. आता म्हातारा बैल कुणी घेत नाही, दावणीला पोसायची ऐपत नाही, मग तोही रात्री 'सोडून' येतात.

तर बाविसाव्या दिवशी पुतण्यानंच फोनवर सुचवलं, पुण्याजवळ जनावरांचा एक आसरा आहे, तिथं अपंग कुत्र्यांना चाकाची गाडी लावतात. दुसऱ्या दिवशी ब्रूनोला पिकअपमध्ये गोधडीवर घातलं आणि आम्ही पहाटे निघालो. मंडळीही बरोबर आल्या. वाटेत जेजुरी दिसली तसे त्यांनी हात जोडले. खंडोबाबरोबर कुत्रं असतं, त्याला म्हणाल्या, तुझ्यातला एक आणलाय, बघ.

आसरा गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये होता. गाडीचा आवाज ऐकून दोन-अडीचशे कुत्री एकदम भुंकली. मी आयुष्यात इतका आवाज ऐकला नव्हता, बैलबाजारातही नाही. एक पन्नाशीच्या बाई सगळं बघत होत्या. चेहऱ्यावर झोप नव्हती. त्यांनी आम्हाला पाणी दिलं. डॉक्टर येईपर्यंत मी जाळीजवळून फिरलो. चाकाच्या गाडीवरची दोन कुत्री खरंच पळत होती, मजेत. मला धीर आला. पण बाकीचं बघितलं तसा तो धीर गेला. दहाजणांच्या जागेत वीस. कोपऱ्यात तोंड घालून बसलेलं एक जर्मन शेफर्ड, भोवतालच्या गोंधळाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. बर्फातल्या जातीचं केसाळ हस्की कुत्रं, फरशीला पोट लावून धापा टाकत होतं.

"ही सगळी रस्त्यावरची का ओ, ताई?" मी विचारलं.

"रस्त्यावरची ऑपरेशन करून, लस टोचून परत त्यांच्या जागी सोडतो आम्ही. नियमच तसा आहे," बाई म्हणाल्या. "ही घरातली आहेत, काका. सकाळी येऊन बघावं तर गेटला बांधलेली असतात. पट्टा नवा, शेजारी बिस्किटाचा पुडा. बदली झाली, बाळ झालं, घरमालक नाही म्हणतो, म्हातारं झालं. लॉकडाऊननंतर तर विचारू नका."

मी लॉकडाऊन शब्दावर खाली बघितलं.

त्यांनी बरंच सांगितलं. पूर्वी म्युनिसिपालिट्या कुत्र्यांना विष घालायच्या. ते मला ठाऊक होतं, आमच्या तालुक्याच्या गावीही लाडवातून घालायचे आणि सकाळी ट्रॉली फिरायची. २००१ ला केंद्र सरकारचे नियम आले, ते बंद झालं. आता कुत्रं असाध्य आजारी असेल किंवा वाचणार नाही इतकं जखमी असेल आणि जनावरांच्या डॉक्टरनं तसं ठरवलं, तरच त्याला झोपवता येतं, तेही दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. झोपवणं हा त्यांचा शब्द. अमेरिकेत आसऱ्यांमध्ये जागा नाही म्हणूनसुद्धा धडधाकट कुत्री-मांजरं झोपवतात, वर्षाला लाखांच्या हिशेबात, असं त्या म्हणाल्या. आमच्याच गावचा एक मुलगा तिकडं आहे, त्याला मी नंतर विचारलं, तो म्हणाला खरं आहे, पण तिथं हे कमी करायचा प्रयत्नही लोक करतात.

"आपल्याकडं तसं नाही, हे बरंच आहे," मी म्हणालो.

"बरंच आहे," त्या म्हणाल्या. मग जाळीकडं बघत राहिल्या. "पण काका, मारायचं नाही म्हणजे ठेवायचं. ठेवायचं म्हणजे कुठं? एक आजार आत आला की वीस जातात, तडफडून. त्याला कुणी मारलं म्हणत नाही. मी रात्री घरी जाते तेव्हा कुठलं बरं, मला कळत नाही."

त्या बाईंना मी काय उत्तर देणार? मंडळींनी मात्र एक गोष्ट केली. उठून त्या बाईंच्या पाठीवरून हात फिरवला.

डॉक्टर पोरसवदा होते, पण हात सावकाश. ब्रूनोला पाऊण तास तपासलं, फोटो काढला, रक्त घेतलं. म्हणाले, सुरुवातीला आणला असता तर गाडीवर जगला असता की नाही, तेही सांगणं अवघड होतं. आता जंतू मूत्रपिंडात गेलेत, जखम हाडापर्यंत आहे. अजून आठ-दहा दिवस काढेल. ते दिवस चांगले नसतील. आपलं काम त्यांनी नीट केलं, शब्द गोल केले नाहीत. मंडळींकडं बघून एवढंच विचारलं, "मावशी, तुम्ही रोज बघताय. तुम्हाला काय वाटतं?"

मंडळी बराच वेळ गप्प राहिल्या. बोटांत माळेचा मणी फिरत होता. मग म्हणाल्या, "परवापासनं त्यो माझ्या हातावरचं पाणी चाटत न्हाई." आणि बाहेर गेल्या.

डॉक्टरांनी कागद पुढं केला. संमतिपत्र. कुत्र्याचं नाव, वय, आजार हे त्यांनी भरलं होतं. खाली एक ओळ कोरी होती. मालकाचं नाव व सही.

मी म्हणालो, "मालक माझा पुतण्या. त्याला फोन लावतो."

फोन स्पीकरवर ठेवला. तो मीटिंगमधून बाहेर आला. ऐकून घेतलं. रडला. मग म्हणाला, "तात्या, तुम्ही म्हणाल तसं. सही तुम्हीच करा."

"कुत्रं तुझं आहे, बाबा."

"मी कधीच आणून दिलं तात्या, दोन वर्षं तुमच्याकडंच आहे ना. तुमचंच झालं ते."

मी बोललो नाही, तोही बोलला नाही. डॉक्टर पेन धरून उभे. फोनमधून त्याच्या ऑफिसातली लिफ्ट वाजलेली ऐकू आली. त्या दोन मिनिटांत त्या जनावराला जगात कुणीच मालक नव्हता. आणि त्या दोन मिनिटांतच का? अठरा हजार मोजले त्यानं, भाकरी घातली आम्ही. वाढदिवस त्याच्याकडं, पाटाचं पाणी माझ्याकडं. साखळी मी सोडली, कारण कुत्रं पुतण्याचं. लसीची तारीख मी वाचून मिटली, कारण कुत्रं पुतण्याचं. आणि त्यानं दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही की लस झाली का, कारण कुत्रं गावाकडचं. माझ्या स्वतःच्या शेळीला मी रात्री डांबरीवर जाऊ दिलं असतं का? सुईनं जे होणार होतं त्याला लोक मारणं म्हणतील, म्हणोत. पण ब्रूनोचा मणका त्या गाडीनं मोडायच्या आधी कधीतरी, पाडव्याच्या दिवशी आमच्या अंगणात, आम्ही दोघांनी मिळून त्याला सोडून दिलं होतं. ओढ्यापलीकडं नाही, एवढाच फरक.

मी सही केली. दहावीच्या दाखल्यावर आहे तशी, पूर्ण नावानं.

ब्रूनोला वेगळ्या खोलीत नेलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डॉक्टरांनी आधी एक गुंगीचं इंजेक्शन दिलं. बारीक कण्हणं जे आठ दिवस चालू होतं ते थांबलं. खोलीत इतकी शांतता झाली की मला पहिल्यांदा कळलं, माझं अंग आठ दिवस किती आवळलेलं होतं. मग पुढच्या पायाचे केस काढून शिरेत दुसरं दिलं. सिद्धनाथाचं नाव मी तीन-चारदा घेतलं असेल, तेवढ्यात संपलं. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, मग मान हलवली. मंडळी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. बाटलीत पंढरपूरचं तीर्थ आणलं होतं, घरून निघतानाच. म्हणजे त्यांना कळलेलं होतं.

मला हलकं वाटलं का? लोक म्हणतात वाटतं. मला वाटलं नाही. मी जे केलं ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं, आणि तरी माझ्या हातानं एक जीव गेला हेही वाटतं. दोन्ही एकदम वाटतं. त्यातलं एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही आणि पुसू नये असंच मला वाटायला लागलंय. ज्या डॉक्टराला असं काही वाटायचं बंद होईल त्याच्याकडं मी माझं जनावर नेणार नाही.

त्याला घरी आणून बांधावरच्या आंब्याखाली मीठ घालून पुरला. खड्डा खोल घेतला, कोल्हं उकरतं म्हणून. रविवारी पुतण्या आणि सूनबाई आले. पुतण्या तिथं बराच वेळ उभा राहिला. "त्रास झाला का त्याला, तात्या?" म्हणाला. मी म्हणालो, "शेवटी नाही." आधीचं मी बोललो नाही, त्यानं विचारलंही नाही. जाताना सूनबाईंनी मंडळींच्या हाताला हात लावून बघितला. औषधानं कातडं गेलं होतं त्या बोटांना.

हे झालं त्याला आता काही महिने झाले. मागच्या आठवड्यात कडब्याच्या गंजीखाली आळीतली पांढरी कुत्री व्याली. मंडळी बघून आल्या. "सहा हायती. चार माद्या." संध्याकाळी शेजारचा पोरगा आला, हातात रिकामं पोतं. हसत म्हणाला, "तात्या, घाटात सोडून यिऊ का? मोटारसायकल हाय, दहा मिनिटांचं काम."

मी पोतं त्याच्या हातातून घेतलं. वाईट कशाला वाटून घ्यायचं त्या पोराचं, हे काम त्याला मीच शिकवलेलं.

सकाळी तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. पिल्लं अंगावरची सुटली की दोनेक महिन्यांनी पांढरीला ऑपरेशनला आणा म्हणाले, पिल्लांनाही त्यांच्या वेळेला बघू, लसीचं कार्ड आत्ताच करून ठेवतो.

"मालक म्हणून नाव कुणाचं घालू?" त्यांनी विचारलं.

मी पूर्ण नाव सांगितलं. सात जनावरं आहेत, पिकअपच्या दोन-तीन खेपा होतील. भाडं किती पडेल ते मी अजून घरात सांगितलेलं नाही.